सत्तर पॅटर्न झाले, गाणं एकही नाही

या वेळी बरीच पत्रं एकाच विषयावर आलीत, लॅपटॉप न लावता संगीत करायच्या मशीनवर. म्हणजे एमपीसी, डिजिटॅक्ट, एसपी-४०४, सर्किट वगैरे, ज्यात सॅम्पलर (आवाज रेकॉर्ड करून वाजवणारा), सिक्वेन्सर (सूर-ठोके ठरल्या क्रमाने वाजवणारा), इफेक्ट सगळं एकाच डब्यात असतं आणि काहींमध्ये सिंथ, म्हणजे स्वतः आवाज तयार करणारा भाग, पण असतो. यांना ग्रूव्हबॉक्स पण म्हणतात. मी गेली बरीच वर्षं असल्या मशीनवर काम करतोय, माझं यावर प्रेम आहे आणि तक्रारी पण आहेत, त्यामुळे उत्तरं थोडी लांबलीत. पत्रं लांब होती ती छोटी केलीत, मुद्दा तोच ठेवलाय.

लॅपटॉप चांगला आहे, सॉफ्टवेअर आहे, त्याला जोडायची वाद्यं आणि इफेक्ट, म्हणजे प्लगइन, शेकडो आहेत. मग आठ ट्रॅकचा डबा कशाला घ्यायचा? सगळे म्हणतात मर्यादा असली की जास्त सुचतं, मला ते पटत नाही.

मलाही ते सरसकट पटत नाही. नुसत्या मर्यादेने कुणाला गाणं सुचल्याचं मी तरी बघितलं नाही. फरक पडतो तो हाताचा. मशीनवर प्रत्येक गोष्टीची जागा ठरलेली असते, फिल्टरचा नॉब आज जिथे आहे तिथेच तो पाच वर्षांनी पण असणार, आणि काही आठवड्यांनी हात असा बसतो की तुम्ही बघायचं बंद करता. बघायचं बंद झालं की ऐकायला लागता. माझ्यासाठी सगळा खेळ इथे आहे.

परवाचंच सांगतो. घरातल्या दाराची कडी सॅम्पल केली, दीड सेकंदाचा आवाज, सुरुवातीला माझा श्वास आणि हात लागल्याची खरखर. आवाज कुठून सुरू व्हायचा तो स्टार्ट पॉइंटचा नॉब हळूहळू फिरवत गेलो आणि दुसऱ्या हाताने पॅड (बोटाने मारायचं चौकोनी बटण) मारत राहिलो, खरखर गेली, श्वास गेला, मग एका जागी आल्यावर मारल्या मारल्या "टक्" यायला लागलं. सात सेमीटोन खाली आणलं, डिके, म्हणजे आवाज विरायचा वेळ, कमी केला, झाला स्नेअर ड्रम. चार मिनिटं लागली असतील आणि स्क्रीनकडे मी जवळजवळ बघितलंच नाही. लॅपटॉपवर हे होत नाही का, होतं, पण तिथे मी वेव्हफॉर्म झूम करून बघत बसतो, मग डोळ्यांना जे बरोबर दिसतं ते बरोबर मानतो, आणि ते कानाला बरोबर असेलच असं नाही.

दुसरं म्हणजे ही मांडणी जुनी आणि टिकलेली आहे. ड्रम मशीन बनवणाऱ्या रॉजर लिनने अकाई कंपनीसाठी डिझाइन केलेलं एमपीसी-६० १९८८ साली आलं, त्यावर चार बाय चार असे सोळा पॅड होते, आणि आजच्या एमपीसीवर, नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्स कंपनीच्या मशीन प्लसवर, एसपी-४०४ मार्क टूवर बघा, तीच चौकट आहे. एका मशीनवर बसलेला हात दुसऱ्यावर वाया जात नाही. लिनच्याच १९८० च्या एलएम-१ ड्रम मशीनमधून आलेलं स्विंग पण बघा, ते कसं चालतं हे कळलं की नॉब फिरवायला मजा येते. दर दोन सोळांश मात्रांपैकी (सोळांश म्हणजे चार ठोक्यांच्या एका बारचा सोळावा भाग) दुसरी थोडी उशिरा वाजवायची, बस. ९० च्या टेम्पोला, म्हणजे मिनिटाला ९० ठोके, एक सोळांश साधारण १६७ मिलिसेकंदाची होते. ५० टक्के स्विंग म्हणजे एकदम सरळ, दोन्ही सारख्या. ५४ टक्के केलं की दुसरी फक्त १३ मिलिसेकंद उशिरा येते, कानाला उशीर असा कळत नाही पण मान डोलायला लागते. ६६ च्या आसपास गेलात की ट्रिपलेटसारखं, म्हणजे एका भागाचे तीन सारखे तुकडे केल्यासारखं, उड्या मारतं. हे आकडे लॅपटॉपवर पण टाकता येतात, पण नॉब फिरवत फिरवत ५३ आणि ५५ च्या मधे थांबणं आणि आकडा टाइप करणं यात माझ्या मते जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तरी स्पष्ट सांगतो, माऊसने काम करताना तुम्हाला कंटाळा येत नसेल, गाणी पूर्ण होत असतील, तर काहीही घेऊ नका. मशीन त्याच्यासाठी आहे ज्याला दिवसभर स्क्रीनसमोर बसून परत संध्याकाळी स्क्रीनसमोर बसवत नाही.

दोन वर्षांपूर्वी ग्रूव्हबॉक्स घेतला. सत्तरच्या वर पॅटर्न (पुन्हा पुन्हा वाजणारे छोटे तुकडे) झालेत, मित्रांना ऐकवतो तर सगळे वा वा करतात, पण पूर्ण झालेलं गाणं एकही नाही. माझ्यात काही कमी आहे का?

नाही हो, तुमच्यात काही कमी नाही. सगळ्यात जास्त पत्रं याच प्रश्नाची आहेत, आणि हा मशीनच्या बनावटीचा परिणाम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

असली बहुतेक मशीनं पॅटर्नभोवती बांधलेली असतात. डिजिटॅक्टचंच घ्या, पहिल्या मॉडेलमध्ये एक पॅटर्न जास्तीत जास्त ६४ स्टेपचा, म्हणजे सोळांशाच्या हिशेबाने चार बार. ९० च्या टेम्पोला चार बार म्हणजे पावणेअकरा सेकंदाच्या आतच. आता तुम्ही दोन तास बसलात तर तोच तुकडा सहाशेहून जास्त वेळा ऐकता. पहिल्या शंभर वेळा अंगावर काटा येतो, तीनशेनंतर कान मरतो, आणि मग वाटतं की हा पॅटर्नच फालतू आहे, चला नवीन करू. फालतू तो नसतोच, तुमचा कान थकलेला असतो. असे सत्तर होतात.

आणि त्या पॅटर्नमध्ये सगळे ट्रॅक एकदम वाजत असतात, किक, स्नेअर, हॅट, बेस, कॉर्ड, वर दोन इफेक्ट. म्हणजे गाण्याचा सगळ्यात भरलेला भाग तुम्ही आधीच करून ठेवलाय, आता त्यात भर घालायला जागाच नाही. त्यामुळे पुढे जायचं तर काढायला लागायचं. माझी पद्धत सांगतो, मला तरी हिचाच उपयोग झालाय. चांगला वाटलेला पॅटर्न पुढच्या पाच जागांवर कॉपी करा. मूळ पॅटर्नला हात लावू नका, तो गाण्याचा कळस. बाकीच्या पाचांमधून फक्त काढत जा, एकात नुसती कॉर्ड आणि हॅट, एकात बेस नाही, एकात किक अर्धीच, आणि एक असा करा की त्यात कॉर्डच्या जागी एकच सूर लांबवलाय. पाचव्यात एखादी नवीन गोष्ट चालेल, एकच. हे करताना लूप सतत चालू ठेवू नका, बंद करून करा. स्टेपवरचे दिवे दिसतात, तेवढं पुरे.

मग साँग मोडमध्ये जाऊन यादी भरत बसायची गरज नाही. बऱ्याच मशीनवर साँग मोड कुठेतरी मेनूत आत दडलेला असतो, तिथे "पॅटर्न तीन, चार वेळा, मग पॅटर्न एक" असं भरताना संगीत करतोय असं वाटतच नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. त्यापेक्षा आउटपुट कुठल्याही रेकॉर्डरला जोडा, रेकॉर्ड दाबा, आणि चार मिनिटं हाताने पॅटर्न बदलत, म्यूट करत, फिल्टर उघडत वाजवा. चुकलं तरी थांबू नका. तीन टेक घ्या आणि दुसऱ्या दिवशी ऐका. त्यातला एक तरी गाण्याच्या आकाराचा असतो, कारण कुठे कंटाळा येतो हे हाताला यादीपेक्षा आधी कळतं.

आता गायन घालायचं असेल, मिक्स नीट करायचा असेल, तर सगळे ट्रॅक वेगवेगळे बाहेर काढा आणि लॅपटॉपवर न्या. एमपीसीवर ट्रॅक वेगळे एक्सपोर्ट होतात, डिजिटॅक्ट बनवणाऱ्या इलेक्ट्रॉन कंपनीची बरीच मशीनं त्यांचं ओव्हरब्रिज सॉफ्टवेअर वापरून यूएसबीवरून एकदम वेगवेगळे ट्रॅक देतात, आणि ज्या मशीनवर यातलं काहीच नाही तिथे एकेक ट्रॅक सोलो करून सुरुवातीपासून रेकॉर्ड करायचा. आठ ट्रॅक, चार मिनिटांचं गाणं, म्हणजे अर्ध्या तासाचं काम, वैताग आहे पण एकदाच. सगळं मशीनवरच पूर्ण करीन हा हट्ट मी पण दोन-तीन वर्षं धरला होता आणि त्या काळातलं माझं एकही गाणं बाहेर आलं नाही. मशीनवर सुरुवात करून शेवट लॅपटॉपवर केला तर त्यात कमीपणा कसला, ऐकणाऱ्याला काय फरक पडतो.

स्टँडअलोन म्हणून मशीन घेतलं आणि आता कळतंय की माझे विकत घेतलेले प्लगइन त्यात चालतच नाहीत. फसवलं गेल्यासारखं वाटतंय.

वाटणारच. यात तुमची चूक नाही, दुकानात आणि व्हिडिओत हे कुणी ठळकपणे सांगत नाही. स्टँडअलोन म्हणजे काँप्युटरशिवाय चालणारं, पण त्याच्या आत काँप्युटर असतोच, फक्त तो विंडोज किंवा मॅक नसतो. तुमचे प्लगइन त्या दोघांसाठी बनवलेले असतात. एमपीसीच्या आत एआरएम जातीचा प्रोसेसर आहे, तिथे खास त्याच्यासाठी बनवलेलेच प्लगइन चालतात. एबलटन कंपनीच्या पुश ३ च्या स्टँडअलोन मॉडेलमध्ये, २०२३ साली आलं ते, इंटेलचाच प्रोसेसर आहे, ८ जीबी मेमरी आहे, तरी बाहेरच्या कंपन्यांचे प्लगइन त्यात चालत नाहीत, एबलटनची स्वतःची वाद्यं आणि मॅक्स फॉर लाइव्हमध्ये बनवलेली वाद्यं-इफेक्ट चालतात.

उपाय एकच आहे आणि तो वाटतो तेवढा वाईट नाही, आवाज सॅम्पल करून न्या. लॅपटॉपवर आवडता सिंथ उघडा, दर तीन-चार सुरांनी एक सूर वाजवून रेकॉर्ड करा, आणि त्याचं वाद्य मशीनवर बनवा. एमपीसीत ऑटो सॅम्पलर म्हणून सोयच आहे, तो हे काम स्वतः करतो. मी अशी वीसेक वाद्यं करून ठेवलीत आणि दीड वर्ष तीच वापरतोय. खरं सांगायचं तर शेकडो प्लगइनमधले रोज लागणारे तेवढेच असतात.

२०२० नंतरच्या मशीनमध्ये ६४ एमबी मेमरी? फोनमधला एक व्हिडिओ त्यापेक्षा मोठा असतो!

हिशेब करून बघू. सोळा बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, मोनो, एका मिनिटाला साधारण पाच एमबी लागतात. म्हणजे ६४ एमबीत बारा मिनिटं. टीनेज इंजिनिअरिंग कंपनीचं ईपी-१३३ आलं तेव्हा त्यात एवढीच मेमरी होती, पहिल्या डिजिटॅक्टमध्येही एका प्रोजेक्टला तेवढीच मिळते. एक किक अर्ध्या सेकंदाची पण नसते, त्यामुळे ड्रम आणि छोट्या तुकड्यांवर काम करणाऱ्याला बारा मिनिटं भरता भरत नाहीत. १९८७ च्या एसपी-१२०० सॅम्पलरमध्ये सगळे मिळून दहा सेकंद होते, आणि एका सॅम्पलला फार तर अडीच. तेव्हाची मंडळी मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५ वर फिरवून सॅम्पल करायची, म्हणजे आवाज कमी सेकंदात मावायचा, आणि मग मशीनमध्ये पिच खाली आणायची. त्यातून जो खरबरीत आवाज यायचा तो लोक आज मुद्दाम प्लगइन लावून आणतात.

पण पूर्ण गायन आत टाकायचं असेल, लांब लांब रेकॉर्डिंग असतील, तर ६४ एमबी खरंच कमी पडतात, तिथे २ जीबी रॅमचं एमपीसी किंवा तसलं काहीतरी बघा. माझी खरी तक्रार मेमरीची नाही, फोल्डरची आहे. एवढ्याशा स्क्रीनवर एक नॉब फिरवत "किक ००४७" शोधायचा म्हणजे जीव जातो. त्यामुळे आठ हजार सॅम्पलचं पॅक आत टाकू नका. लॅपटॉपवर बसून दोनशे निवडा, नावं छोटी ठेवा, स्टिरिओची गरज नाही ते मोनो करा.

मशीन आणि ऑडिओ इंटरफेस दोन्ही लॅपटॉपच्या यूएसबीवर लावले की बारीक चिर्र असा आवाज येतो. शिवाय छोट्या जॅकची मिडी केबल (मशीनना एकमेकांशी ताळमेळात चालवणारी) घेतली तर काहीच होत नाही.

चिर्र आवाज बहुतेक ग्राउंड लूपचा आहे, म्हणजे उपकरणं एकाहून जास्त वाटांनी अर्थिंगला जोडली गेली की येतो तो. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, आवाज गेला तर तेच. मशीनला वेगळ्या अडॅप्टरवर चालवा आणि यूएसबी काढा, किंवा मधे यूएसबी आयसोलेटर लावा. केबलचं म्हणाल तर साडेतीन मिलिमीटरच्या मिडी जॅकमध्ये ए आणि बी असे दोन प्रकार आहेत, दिसायला एक पण आतले तार उलटे. २०१८ मध्ये ए हा प्रकार स्टँडर्ड म्हणून ठरला, त्याआधीची बरीच उपकरणं बी ची आहेत. मशीन खराब नाही, फक्त दुसरा अडॅप्टर लागेल.

सेव्ह करताना मशीन बंद पडलं. कार्ड वाचतच नाही. आठ महिन्यांचं काम गेलं. परत हात लावायची इच्छा होत नाहीये.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. माझ्या बाबतीत हे झालंय, अडॅप्टरची पिन सैल होती, सेव्ह चालू असताना हात लागला आणि बंद. त्या कार्डवर एक गाणं होतं जे मी माझ्या भावासाठी केलं होतं. ते परत तसं जमलं नाही, जमवायचा प्रयत्न केला तरी नाही जमलं.

आधी हे करा, ते कार्ड मशीनमध्ये परत घालू नका आणि फॉरमॅट तर अजिबात करू नका. लॅपटॉपला लावून रिकव्हरी सॉफ्टवेअरने बघा. प्रोजेक्टची फाइल नाही मिळाली तरी सॅम्पलच्या वेव्ह फाइल बऱ्याचदा सापडतात, कारण जे आधीपासून कार्डवर आहे ते सहसा जागेवरच असतं, बिघडते ती त्यांची यादी. सॅम्पल मिळाले तर अर्धं काम मिळालं.

पुढे मशीन लावाल तेव्हा, आणि लावा जरूर, दर आठवड्याला एक वार ठरवून कार्डचा सगळा फोल्डर लॅपटॉपवर कॉपी करा, तारखेचं नाव देऊन, आधीच्या कॉपीवर न टाकता. प्रोजेक्ट महत्त्वाचा असेल तर दर वेळी नवीन नावाने सेव्ह करा, एक, दोन, तीन. आणि दिवस संपताना जे वाजतंय ते नुसतं स्टिरिओ रेकॉर्ड करून ठेवा, दोन मिनिटं का होईना. माझ्या भावाच्या गाण्याचं तेवढं जरी असतं तरी चाललं असतं.

फर्मवेअर, म्हणजे मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर, त्याच्या अपडेटच्या वेळी पण अशीच काळजी घ्या. अपडेटने फुकट नवीन गोष्टी मिळतात, काही मशीनं तर दोन-तीन वर्षांत ओळखू येणार नाहीत एवढी सुधारतात, हे मोठं सुख आहे. पण नवीन व्हर्जनमध्ये सेव्ह केलेला प्रोजेक्ट जुन्यात बहुतेक वेळा उघडत नाही. म्हणून कार्यक्रमाच्या आठवड्यात, किंवा गाणं अर्धवट असताना अपडेट टाकू नका.

सेकंड हँड घेताना काय बघू?

सगळे पॅड हळू आणि जोरात, दोन्ही मारून बघा, एकदा मारल्यावर दोनदा वाजतोय का बघा. नॉब हळू फिरवा, आकडा उड्या मारत असेल तर नॉबखालचा एन्कोडर (फिरणं मोजणारा भाग) गेलाय. आत लिथियम बॅटरी असेल आणि मशीन टेबलावर सपाट बसत नसेल, हलत असेल, तर बॅटरी फुगलेली असू शकते, घेऊ नका. फ्लॉपीवालं जुनं मशीन असेल तर फ्लॉपीच्या जागी यूएसबीचा ड्राइव्ह बसवता येतो, तेवढ्यासाठी सोडू नका.

माझी नजर अधू आहे, मोठ्या मॉनिटरवर अक्षरं मोठी करून कसंबसं काम करते. असल्या मशीनवर मला जमेल का?

ताई, तुमच्या प्रश्नाने मी विचारात पडलो. टचस्क्रीनवर जास्त अवलंबून असलेली मशीनं तुम्हाला त्रास देतील असं वाटतं. एमपीसी लाइव्हची स्क्रीन सात इंची आहे, काचेवर बोटाला काहीच लागत नाही, आणि बरीच कामं त्या काचेवरच होतात. डिजिटॅक्ट, एसपी-४०४ मार्क टू यांच्यावर बटणं भरपूर पण स्क्रीन छोटी आणि अक्षरं बारीक, तरी रोजचं काम बटणांवर होऊन जातं. २०१५ चं नोव्हेशन सर्किट मात्र आवर्जून बघा, त्याला स्क्रीनच नाही. ३२ मोठे पॅड, रंगीत दिवे, नॉब, आणि छोटा स्पीकर आतच. कुठलं पॅड काय करतं हे आठवडाभर कुणाच्या तरी मदतीने पाठ करावं लागेल, एवढंच. रंग कितपत वेगळे दिसतात ते मात्र घेण्याआधी हातात घेऊनच बघा, नुसत्या व्हिडिओवर जाऊ नका.

आणि कुठलंही घेतलंत तरी एक करा, छोट्या रबरी टिकल्या मिळतात त्यातली एक डावीकडच्या खालच्या पॅडच्या कोपऱ्याला लावा, एक प्लेच्या बटणाला, आणि फिल्टरच्या नॉबवर रेघेच्या जागी एक. बोट त्या पहिल्या टिकलीवर ठेवलं की बाकीचे पॅड किती अंतरावर आहेत हे हाताला थोड्याच दिवसांत कळायला लागतं. काय घेतलंत आणि कसं जमतंय ते नक्की कळवा, मला खरंच ऐकायचंय.